मराठवाड्यातून स्वतःची गाणी घेऊन निघालेल्यानं पहिल्या वर्षी काय करावं : रिलीज की स्टेज?

गोदाकाठ
दर पंधरा दिवसांनी एक गाणं सोडत राहा, हा सल्ला हल्ली संभाजीनगरपासून नांदेडपर्यंत ऑल्ट-पॉप (चाकोरीबाहेरचं पॉप) करणाऱ्या प्रत्येक नवख्याला मिळतो. माझं मत उलट. पहिलं वर्ष काहीच रिलीज करू नका. आठ गाणी बांधा, वीस-पंचवीस वेळा लोकांसमोर गा, मग त्यातली तीनच रेकॉर्ड करा. २०२४ पासून स्पॉटिफायवर ज्या गाण्याला मागच्या बारा महिन्यांत १,००० स्ट्रीम नाहीत, त्याच्या रेकॉर्डिंगला पैसा मिळत नाही. बारा गाण्यांना तीनशे-तीनशे स्ट्रीम आले तर हाती भोपळा. तेच ३,६०० तीन गाण्यांत वाटले गेले तर निदान खातं तरी उघडतं. शिवाय दुसरा अंतरा लांबलाय हे खोलीत कळत नाही, समोरचा माणूस मोबाईल काढतो तेव्हा कळतं.

पत्र्याखालचा माईक
वीस-पंचवीस वेळा गायचं कुठं, तेवढं सांगा की. मंडळाला आणि ऑर्केस्ट्राला ओळखीचंच गाणं लागतं. युवक महोत्सव वर्षातून एकदा, तोही कॉलेजात नाव असेल तरच. नाट्यगृह भाड्यानं घेणं नवख्याच्या आवाक्यातलं नाही. अमेरिकन गायिका बिली आयलिशचं ‘ओशन आईज’ २०१५ मध्ये घरातल्या खोलीत रेकॉर्ड होऊन साउंडक्लाउड या गाण्यांच्या साइटवर गेलं, स्टेज नंतर आला.

आणि घरच्या खोलीत रेकॉर्डिंग नीट होत नाही, हे रडगाणं नको. दहा बाय दहाच्या आरसीसी खोलीत कंडेन्सर हा जास्त संवेदनशील माईक घेऊच नका. कूलर, रिक्षा, शेजारचा मिक्सर, सगळं उचलतो. डायनॅमिक माईक घ्या, तो जवळचंच जास्त उचलतो; तोंडापासून चार बोटांवर, जरा तिरपा, म्हणजे प आणि भ फुटत नाहीत. वाकळ बरेच जण माईकच्या मागं टांगतात. ती गाणाऱ्याच्या पाठीमागं हवी, कारण माईकचं तोंड तिकडं असतं. रेकॉर्डिंगचं सेटिंग २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, आणि गेन (माईकची आवाज-पातळी) इतकाच की सगळ्यात मोठा सूर उणे १० डेसिबलच्या वर जाऊ नये. रेकॉर्ड करताना लॅपटॉपचा चार्जर काढा. घराला धड अर्थिंग नसलं की त्याची गुणगुण इंटरफेसमधून (माईक लॅपटॉपला जोडणाऱ्या डब्यातून) ट्रॅकवर बसते, आणि नंतर फिल्टरनं काढायला गेलं की आवाजाचं अंगच जातं. पत्रा तापताना आणि निवताना टणटण वाजतो, म्हणून पत्र्याच्या घरात रात्री अकरानंतर बसायचं.

गोदाकाठ
माईकचं सगळं मान्य. बिलीचं मात्र अर्धंच सांगितलंत. २०१६ मध्येच तिच्यामागं लेबल उभं राहिलं, पहिला अल्बम आला २०१९ मध्ये. मधल्या तीन वर्षांतला पैसा आणि दौरे गाळून नुसती खोली दाखवायची, हे काही खरं नाही.

बालाघाट
दोघंही स्टेजबद्दल वरवर बोलायलेत. नवीन पोरांचा कार्यक्रम पडतो तो फोनमधल्या ट्रॅकमुळं, म्हणजे मागं वाजवायच्या तयार संगीतामुळं. मंडपातला साउंडवाला डावं-उजवं एकाच चॅनलवर घेतो. घरी सिंथचा (इलेक्ट्रॉनिक कीबोर्डचा) आवाज रुंद वाटावा म्हणून एका बाजूची फेज, म्हणजे ध्वनिलहर, उलटी केलेली असेल तर दोन्ही बाजू एकमेकींना खातात. हेडफोनवर भरगच्च वाजणारं गाणं तिथं नुसतं ड्रम आणि बास होऊन बसतं. ट्रॅक आधीच मोनो (डावं-उजवं एकत्र) करून साध्या ब्लूटूथ डब्यावर ऐका, जे गायब होईल ते परत मांडा.

दुसरं, इको. मिनिटाला ९० ठोक्यांच्या लयीत एक ठोका साधारण ६६७ मिलिसेकंदांचा. साउंडवाल्याचा इको त्यात बसला नाही की शब्दावर शब्द पडतो, आणि या गाण्यांत शब्दच तर ऐकायचे असतात. ‘इको पूर्ण बंद’ हे माईक हातात घ्यायच्या आधी सांगायचं. गिटार घुमायला लागली तर तिच्या भोकाला रबरी झाकण लावा, आणि मॉनिटर (गाणाऱ्याला स्वतःचं ऐकू यावं म्हणूनचा स्पीकर) माईकच्या शेपटीकडं ठेवा, बाजूला नाही.

तरी मी गोदाकाठच्याच बाजूनं. हे घरी बसून कुणालाच कळत नाही.

मांजरा
रिलीज करा किंवा नका करू, कागद आधी. यूट्यूबवरून भाड्यानं घेतलेला बीट (तयार साथसंगीत) शंभर जणांकडं असतो. त्यावर गाऊन कंटेंट आयडी, म्हणजे यूट्यूबची गाणं आपोआप ओळखणारी यंत्रणा, चालू केलं की दुसऱ्याच्या गाण्यावर आपला दावा लागतो, किंवा त्याचा आपल्यावर, आणि गाण्याचा पैसा अडकून पडतो. डिस्ट्रिब्युटरचा (स्पॉटिफायसारख्या ठिकाणी गाणं चढवणाऱ्या कंपनीचा) वार्षिक प्लॅन घेतला आणि पुढच्या वर्षी पैसे भरले नाहीत तर काही कंपन्या गाणं उतरवतात. परत चढवताना जुनाच आयएसआरसी क्रमांक (त्या रेकॉर्डिंगचा ओळख क्रमांक) द्या, नाहीतर मोजणी पहिल्यापासून. रेकॉर्डिंगचा पैसा वेगळा, गीतकार-संगीतकाराचा वेगळा, या दुसऱ्या पैशासाठी आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांचं मानधन गोळा करणाऱ्या संस्थेचं सभासदत्व लागतं. मित्रानं चाल लावली असेल तर टक्केवारी त्याच दिवशी लिहून सही घ्या. गाणं चाललं की मैत्रीतली टक्केवारी बदलते.

हलगी
भाषेबद्दल कुणीच बोलेना. इथली पोरं गाताना एकदम पुण्याची होतात. ‘बघतो आहे’ म्हणताना ‘तो’ आणि ‘आ’ चिकटतात, श्वास तुटतो. ‘बघायलो’ म्हणा : ‘घाय’वर ठोका, ‘लो’ हवा तेवढा लांबवा. बोली इथं गाण्याच्या सोयीचीच आहे.

पत्र्याखालचा माईक
एका ओळीत ठीक. अख्खं गाणं तसं केलं की लोक त्याला विनोदी गाणं समजतात, रील बनवून मोकळे. दुःखाच्या गाण्यात ‘बघायलो’ आलं की कोल्हापूरचा माणूस हसणार.

हलगी
हसू द्या. तो हसतो कारण ही बोली त्यानं विनोदातच ऐकलीय. ‘लई’, ‘बे’ असले शब्द पेरले की विनोद होतो, नुसतं क्रियापद इथलं ठेवलं की होत नाही.

पत्र्याखालचा माईक
गोदाकाठ, मधला मार्ग सांगतो. वर्षाला दोन गाणी. अपलोड करायचं रिलीजच्या तारखेच्या चार आठवडे आधी, कारण स्पॉटिफायच्या संपादकांकडं गाणं निदान सात दिवस आधी पाठवावं लागतं आणि डिस्ट्रिब्युटर कव्हरचं चित्र हमखास एकदा परत पाठवतो. मधल्या महिन्यांत कॉलेजच्या वर्गात, वाचनालयात, जिथं तीस खुर्च्या मिळतील तिथं गायचं. साउंड भाड्यानं आणायचाच नाही.

गोदाकाठ
तीस खुर्च्या चालतील. दोन गाणीही चालतील. तिसरं काढलंत तर परत भांडायला येतो.