युवा संस्थेचे विश्वस्तपद स्वीकारण्यापूर्वी काय पाहावे?

प्रश्न

नमस्कार. मी स्थापत्य अभियंता असून सांगली जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी गेली चौदा वर्षे व्यवसाय करतो. आमच्या गावातील एक संस्था बारा ते अठरा वयोगटातील मुलामुलींसाठी अभ्यासिका, कबड्डीचे प्रशिक्षण आणि उन्हाळ्यात दहा दिवसांचे निवासी शिबिर चालवते. माझ्या कार्यालयातील दोन सहायक याच अभ्यासिकेत बसून दहावी-बारावी झाले, त्यामुळे संस्थेविषयी मला मनापासून आदर आहे.

गेल्या महिन्यात संस्थेचे सचिव घरी आले आणि त्यांनी मला विश्वस्त मंडळावर येण्याची विनंती केली. माझ्याबरोबर गावातील एक डॉक्टर आणि संस्थेचे लेखापरीक्षण करणारे सनदी लेखापाल यांनाही घेण्याचा त्यांचा विचार आहे. ‘वर्षातून दोन सभा आणि काही सह्या, याहून अधिक त्रास देणार नाही,’ असे ते म्हणाले. संस्थेला सभागृह बांधायचे असून त्याचे नकाशे आणि पुढे बांधकामही मी करावे, अशी त्यांची इच्छा दिसते. अशा प्रकारे नावापुरते विश्वस्त होणे योग्य आहे का, आणि त्यातून कोणती जबाबदारी अंगावर येते, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

प्रतिसाद 1 (वकील, धर्मादाय कार्यालयात काम करणारा)

नावापुरता विश्वस्त अशी व्यक्ती महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950 मध्ये नाही. सभेला आलेला आणि न आलेला, दोघेही कायद्याच्या दृष्टीने विश्वस्तच असतात.

होकार देण्यापूर्वी संस्थेची घटना, परिशिष्ट 1 चा उतारा (धर्मादाय कार्यालयातील नोंदवहीतील, विश्वस्तांची नावे असलेली संस्थेची नोंद), मागील तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल आणि सभांचे इतिवृत्त मागून घ्या. उताऱ्यावर दिवंगत विश्वस्तांचीच नावे असतील, तर मधल्या काळातील बदल अर्ज एकतर दाखल झाले नाहीत किंवा प्रलंबित आहेत, असे समजावे. कलम 22 नुसार विश्वस्तांमधील बदल नव्वद दिवसांच्या आत कळवावा लागतो. हेच राजीनाम्यालाही लागू आहे. आपण राजीनामा देऊन मोकळे झालो असे अनेकांना वाटते, परंतु तो बदल नोंदवला गेला नाही तर दप्तरी त्यांचेच नाव राहते आणि नोटीसही त्याच नावावर निघते.

संस्थेच्या ठेवी कोठे आहेत, हेही आवर्जून विचारा. तालुक्याच्या गावी संचालक ओळखीचे असल्यामुळे संस्थेचा पैसा सर्रास पतसंस्थेत ठेवला जातो. कलम 35 मध्ये अनुसूचित बँक, टपाल बचत बँक आणि शासनमान्य सहकारी बँक यांची नावे आहेत. पतसंस्था ही बँक नव्हे. सभागृहासाठी कर्ज काढायचे असल्यास धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते का, हेही आधी तपासून घ्या.

आणखी एक. कलम 33 प्रमाणे संस्थेशी हितसंबंध असलेल्या व्यक्तीला तिचे लेखापरीक्षण करता येत नाही. त्या सनदी लेखापालांना विश्वस्तपद किंवा लेखापरीक्षण यांपैकी एकच काही निवडावे लागेल.

प्रतिसाद 2 (बालरोगतज्ज्ञ, नऊ वर्षे विश्वस्त)

वकील महोदयांनी कागदपत्रांविषयी लिहिले आहे. मला तुमच्या प्रश्नातील ‘निवासी शिबिर’ या दोन शब्दांविषयी लिहायचे आहे.

मी विश्वस्त झाल्यानंतरच्या चौथ्या वर्षी आमच्या संस्थेच्या शिबिरातील एका मुलीने सेविकेला सांगितले की, प्रशिक्षक तिच्याशी गैरवर्तन करतो. त्याच संध्याकाळी विश्वस्तांची सभा झाली. वयाने आणि मानाने मोठी असलेली मंडळी म्हणाली की, गावात बोभाटा झाला तर मुलीचेच नाव खराब होईल, तेव्हा प्रशिक्षकाला समज देऊन काढून टाकावे. त्यांचा हेतू वाईट होता असे मी आजही म्हणणार नाही. परंतु त्या खोलीत आम्ही चार जण आपापल्या व्यवसायात नाव असलेले लोक होतो आणि त्यांपैकी तिघे गप्प बसले होते, ते दृश्य मी विसरू शकत नाही. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, 2012 च्या कलम 19 नुसार अशी माहिती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे आणि हाताखालच्या माणसाचा गुन्हा न कळवणाऱ्या संस्थाप्रमुखाला कलम 21 नुसार एक वर्षापर्यंत कारावास होऊ शकतो, हे मला व्यवसायामुळे ठाऊक होते. मी ते सांगितले आणि त्याच रात्री मुलीच्या आईवडिलांसह पोलीस ठाण्यात गेले.

पुढे आम्ही नियम केले. कोणत्याही मोठ्या माणसाने एकट्या मुलाला बंद खोलीत भेटायचे नाही, शिबिरात रात्री किमान दोन महिला सेविका मुक्कामाला असतील, प्रत्येक प्रशिक्षकाची पोलिसांकडून चारित्र्यपडताळणी होईल, तक्रारपेटीची किल्ली कर्मचाऱ्यांकडे न राहता विश्वस्ताकडे राहील आणि 1098 हा बालकांसाठीचा मदत क्रमांक प्रत्येक खोलीत लावलेला असेल. वर्षातून दोन सभांना येणाऱ्या विश्वस्ताकडून हे होत नाही. शिबिराच्या काळात न सांगता एखादी चक्कर मारायला, मुलांबरोबर जेवायला आणि त्यांच्याशी बोलायला वेळ काढता येणार असेल, तरच होकार द्या, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

प्रतिसाद 3 (एका युवा संस्थेचा पूर्णवेळ कार्यकर्ता)

आमची बाजूही मांडतो. आम्ही प्रतिष्ठित मंडळींकडे जातो, कारण त्यांच्या नावामुळे देणगीदारांचा विश्वास बसतो. हे लपवण्यात अर्थ नाही. मात्र मोठ्या नावांमुळे आमची अडचणही होते. सभेची गणपूर्ती होत नाही, इतिवृत्त घरोघरी फिरवून त्यावर सह्या घ्याव्या लागतात आणि हिशेबाविषयी एकही प्रश्न विचारला जात नाही. प्रश्न विचारणारा विश्वस्त सचिवांना सुरुवातीला जड जातो, परंतु आमच्यासारख्या पगारी कार्यकर्त्यांना त्याचा मोठा आधार वाटतो.

सभागृहाविषयी स्पष्ट सांगतो. नकाशे विनामूल्य करून द्या, त्याबद्दल आम्ही ऋणी राहू. बांधकामाचे काम मात्र घेऊ नका. तुम्ही ते वाजवी दरात केले तरी गावात चर्चा व्हायची ती होतेच आणि तिची झळ संस्थेला लागते. दरपत्रके उघडली जातील तेव्हा तुमच्या परिचयाचा ठेकेदार असल्यास सभेबाहेर बसा आणि तशी नोंद इतिवृत्तात करायला लावा. एखादा माजी विद्यार्थीही मंडळावर घ्या, असा आग्रह तुम्ही धरलात तर फार बरे होईल, कारण अभ्यासिकेतील दिवे रात्री किती वाजता बंद होतात आणि त्यामुळे कोणाची अडचण होते, हे आमच्या एकाही विश्वस्ताला ठाऊक नव्हते.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

सर्वांचा मनःपूर्वक आभारी आहे. काल सचिवांकडून कागदपत्रे मागून घेतली. परिशिष्टाच्या उताऱ्यावरील सात नावांपैकी दोघे हयात नाहीत आणि एक ठेव खरोखरच पतसंस्थेत आहे. सचिवांनी काहीही न लपवता सारे दाखवले, म्हणून माझा कल होकाराकडे आहे. बांधकाम घेणार नाही, असे त्यांना लेखी कळवले आहे. डॉक्टर ताईंनी लिहिलेले शिबिराचे नियम पहिल्याच सभेत मांडावेत, अशी अट मी घातली असून येत्या रविवारी अध्यक्षांशी त्यावर बोलणे होणार आहे.