शब्दचर्चा : ‘आसंजन ग्राही’ की आणखी काही?

अर्धविराम
रक्तवाहिन्यांवरच्या एका लेखमालेचं भाषांतर करतेय. त्यात ‘सेल ॲढिजन रिसेप्टर’, म्हणजे पेशीला शेजारच्या पेशीशी किंवा भोवतीच्या जाळीशी जोडून ठेवणारा तिच्या पृष्ठभागावरचा रेणू, पानोपानी येतो. पारिभाषिक वळणाने ‘पेशी आसंजन ग्राही’ होतं, पण तीनपैकी दोन शब्द वाचकाच्या डोक्यावरून जाणार. आधीच्या मसुद्यात कुणीतरी ‘पेशींचे चिकट ग्राहक’ असं लिहून ठेवलंय. ते वाचून मला उधारी न फेडता दुकानात ठाण मांडून बसलेलं गिऱ्हाईक दिसलं.

वाक्याचा आशय असा : रक्तवाहिनीच्या आतल्या बाजूच्या पेशी या रिसेप्टरांच्या जोरावर एकमेकींना आणि खालच्या तंतूंच्या जाळीला लागून राहतात, आणि गरज पडली की वाहत्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींना थांबवतात. सुचवा काहीतरी.

जुनी वही
‘आसंजन’ दिसतो तेवढा परका नाही. मूळ धातू सञ्ज्, म्हणजे चिकटणं, लागून राहणं. संग, प्रसंग, आसक्ती ही सगळी त्याचीच भावंडं. आसक्ती आपल्याला चांगलीच कळते, आसंजन तेवढं कळत नाही! (‘सक्त मजुरी’तला सक्त मात्र फारसी. त्याला या कुटुंबात ओढू नये.)

पदार्थविज्ञानात दोन वेगळ्या पदार्थांचं चिकटणं ते आसंजन आणि एकाच पदार्थाच्या रेणूंचं एकमेकांना धरून राहणं ती संसक्ती. त्या न्यायाने पेशी-पेशीमधलं नातं संसक्ती आणि पेशी-जाळीमधलं आसंजन ठरतं. पण जीवशास्त्राने इंग्रजीतही हा भेद पाळलेला नाही, तर आपण कशाला जीव टाकायचा.

‘ग्राहक’ला मात्र कायमची रजा द्या. ‘ग्राही’ ठेवा.

सूक्ष्मदर्शी
माझी हरकत ‘चिकट’ला आहे. डिंक चिकटतो, पण कधी चिकटायचं आणि कधी सोडायचं हे डिंकाला कळत नाही. या रेणूंचं सगळं मोठेपण त्या कळण्यातच आहे.

रक्तबिंबिकांचंच (प्लेटलेट्सचंच) घ्या. इंटिग्रिन हा असाच एक धरणारा ग्राही. एका बिंबिकेवर एका जातीच्या इंटिग्रिनचे साधारण 80,000 रेणू असतात. ज्याला ते धरतात तो फायब्रिनोजेन (एक प्रथिन) भोवतीच्या रक्तद्रवात मुबलक असतो. तरीही एरवी काहीच घडत नाही, कारण इंटिग्रिन मान मुडपून बसलेला असतो. रक्तवाहिनीला जखम झाली की बिंबिकेच्या आतून निरोप येतो, रेणू ताठ उभा राहतो आणि फायब्रिनोजेनला पकडतो. फायब्रिनोजेनची दोन्ही टोकं सारखी असल्याने दुसऱ्या टोकाला दुसरी बिंबिका येते, आणि गुठळी वाढत जाते. ग्लान्झमान या डॉक्टरांनी 1918 मध्ये वर्णन केलेल्या आजारात हाच इंटिग्रिन नसतो किंवा सदोष असतो. बिंबिकांची संख्या व्यवस्थित, पण त्या एकमेकींना धरत नाहीत, म्हणून रक्त लवकर थांबत नाही. याला ‘चिकटपणा कमी’ म्हटलं तर मुद्दाच निसटतो. पकडच नाही, असं म्हणावं लागेल.

म्हणून माझं मत : क्रियापद ‘धरणे’, नाम ‘पकड’.

जुनी वही
मग तर ‘ग्राही’ तुमच्याच बाजूचा निघाला. ग्रह् म्हणजे पकडणं, जसं पाणिग्रहणात. आणि ग्रह् म्हणजे समजून घेणंही, जसं ज्ञानग्रहणात. लॅटिनवरून आलेल्या ‘रिसेप्टर’मध्ये नुसतं स्वीकारणं आहे.

सूक्ष्मदर्शी
हे डोक्यातच आलं नव्हतं. आणि दोन्ही अर्थ लागू पडतात. इंटिग्रिन बाहेरचं धरतो आणि ‘धरलंय’ ही खबर आत पोचवतो. ही खबर थांबली तर अस्तराच्या पेशी स्वतःला संपवतात. आधार सुटलेल्या पेशीच्या अशा मरणाला 1994 मध्ये ‘अनॉइकिस’ असं ग्रीक नाव मिळालं, अर्थ साधारण बेघरपण. मराठीत ‘निराधार’ इतका चपखल शब्द पडून असताना त्याला कुणी हात कसा लावला नाही?

‘इंटिग्रिन’ भाषांतरित करू नका, विशेषनामच आहे ते. जीवशास्त्रज्ञ रिचर्ड हाइन्स आणि सहकाऱ्यांनी 1986 मध्ये ठेवलं, कारण हा रेणू पेशीपटलात आरपार बसून आतला सांगाडा आणि बाहेरची जाळी यांना एकसंध ठेवतो. माणसात अल्फा साखळ्या 18, बीटा 8, आणि त्यांच्या जोड्या 24. म्हणजे सगळ्यांचं सगळ्यांशी जमत नाही.

टाचण
अस्तर म्हणालात ते आवडलं. पुस्तकी शब्द ‘अंतःस्तर’. फारसीतून आलेलं अस्तर आणि संस्कृतातून घडवलेला अंतःस्तर कानाला किती जवळचे वाटतात! मी डोळे मिटून ‘अस्तर’ घेईन. मग कॅडहेरिन या दुसऱ्या ग्राहीला ‘शिवण’ म्हणता येईल का? दोन पेशींच्या कडा जोडतो तोच ना तो?

सूक्ष्मदर्शी
तोच. नावातच कॅल्शियम आहे, त्याच्याशिवाय हा जोड टिकत नाही. जीवशास्त्रज्ञ ताकेइची यांच्या प्रयोगांतून हे पुढे आलं. मी तर हे रोज बघतो. बशीत वाढवलेल्या अस्तराच्या पेशी भिंगाखाली फरसबंदीसारख्या दिसतात, फटीला जागा नाही. त्यावर कॅल्शियम ओढून घेणारं रसायन टाकलं की काही मिनिटांत कडा मागे सरतात, मध्ये उजेडाच्या रेघा दिसू लागतात, पेशी गोल होतात. पण बऱ्याच जणी बशीचा तळ सोडत नाहीत, त्यांना उठवायला ट्रिप्सिन (प्रथिनं तोडणारं विकर) घालावं लागतं. एकमेकींना धरणं वेगळं आणि जमिनीला धरणं वेगळं, हे तिथे डोळ्यांना दिसतं. (वहीसाहेब, तुमचा संसक्ती-आसंजन भेद इथे जिवंत आहे बरं का.)

शरीरात दाह झाला की हीच शिवण जागोजागी उसवते, रक्तद्रव बाहेर झिरपतो आणि सूज येते. फक्त ‘उसवते’ म्हणा, ‘फाटते’ नको. ती पुन्हा सांधली जाते.

अर्धविराम
शिवण घेतली! आता पांढऱ्या पेशींचा परिच्छेद. ‘रोलिंग’ला मी ‘लोटांगण’ लिहून खोडलंय.

टाचण
घरंगळणे! उतारावरून गोटा घरंगळतो तसं.

सूक्ष्मदर्शी
उत्तम, पण ‘अडखळत घरंगळणे’ करा. पेशी मोकळी वाहत नाही. सिलेक्टिन हा आणखी एक ग्राही-रेणू तिला क्षणभर धरतो, सोडतो, पुढचा धरतो, त्यामुळे ती अस्तरावरून सावकाश सरकते. मग इंटिग्रिन ताठ होतात आणि ती ठाम थांबते. त्यानंतर बहुतेक वेळा दोन पेशींच्या मधून अंग चोरून बाहेर पडते. काही बाळांत जन्मतः बीटा-2 साखळीचे इंटिग्रिन नसतात. त्यांच्या रक्तात पांढऱ्या पेशी भरपूर, पण जखमेत पू होत नाही आणि नाळ गळायला फार उशीर लागतो. पेशी घरंगळतात, थांबू मात्र शकत नाहीत. म्हणजे ‘घरंगळणे’ आणि ‘थांबणे’ ही दोन क्रियापदं वेगळी ठेवणं ही नुसती शैलीची हौस नाही.

जुनी वही
‘सिलेक्टिन’मधलं लेक्टिन लॅटिन ‘लेगेरे’वरून, म्हणजे निवडणं, वेचणं. सिलेक्टमध्येही तोच धातू. म्हणजे या बाईंनी दोनदा निवडून घेतलंय.

अर्धविराम
शेवटचा अडथळा. ‘या रिसेप्टरांमुळे अर्बुदात (ट्यूमरमध्ये) नव्या रक्तवाहिन्या फुटतात’ असं मी लिहिलं. संपादकांनी समासात प्रश्न केला, ‘फुटतात म्हणजे रक्तस्राव होतो का?’

टाचण
हाहा. बरोबर आहे त्यांचं. रक्तवाहिनी फुटणे म्हणजे आपल्याकडे संकटच. झाडाला पालवी फुटते, ते वेगळं. ‘फुटवा’ वापरा : ‘रक्तवाहिनीला नवे फुटवे येतात’. जुन्या वाहिनीतून नवी निघते हेही त्यात आपोआप येतं.

सूक्ष्मदर्शी
फुटवे झकास. ‘यामुळे’ मात्र सांभाळा. अल्फा-व्ही बीटा-3 हा इंटिग्रिन अडवला की फुटवे थांबतात, असं 1994 च्या सुमाराच्या प्रयोगांत दिसलं आणि फार आशा लागली. 2002 मध्ये बीटा-3 आणि बीटा-5 दोन्ही नसलेल्या उंदरांत अर्बुदातले फुटवे उलट वाढलेले आढळले. सिलेंगिटाइड हे त्यावर बेतलेलं औषध ग्लायोब्लास्टोमा या मेंदूच्या कर्करोगावरच्या मोठ्या चाचणीत अपयशी ठरलं, 2014 मध्ये तसं प्रसिद्धही झालं. मूळ लेखात ‘मुळे’ असेल तर तुमचा नाइलाज आहे, पण ‘सहभाग असतो’ असं लिहाल तर मला बरं वाटेल.

अर्धविराम
मूळ लेखात ‘भूमिका’ आहे, ‘मुळे’ माझीच. दुरुस्त केलं. पहिलं वाक्य आता असं :

‘रक्तवाहिनीच्या अस्तरातल्या पेशी आपल्या पकड-ग्राहींनी शेजारणीला आणि खालच्या तंतुजाळीला धरून असतात; दाह झाला की हेच अस्तर रक्तातून चाललेल्या पांढऱ्या पेशींना आधी अडखळवतं आणि मग थांबवतं.’

‘आसंजन ग्राही’ पहिल्यांदा येईल तिथे एकदाच देतेय, पुढे सगळीकडे पकड-ग्राही.

जुनी वही
पकड देशी, ग्राही संस्कृत, आणि अर्थ दोन्हींचा पकडणाराच. व्याकरण नाक मुरडेल, पण चालेल. ते अर्धविरामचिन्ह मात्र काढा. दोन वाक्यं करा.

अर्धविराम
माझं नाव बघून तरी ते राहू द्या!