मदत हवी आहे: 'बान'ला मराठीत काय म्हणू?

मंडळी, क्रोएशियन कवी इव्हान माझुरानिच (१८१४–१८९०) यांच्यावर लेख लिहितेय आणि एका शब्दापाशी अडकलेय. १८७३ ते १८८० ते क्रोएशियाचे 'बान', म्हणजे राजाच्या वतीने तिथला कारभार पाहणारे प्रमुख, होते, सरदार घराण्यातले नसलेले पहिलेच. त्यांच्याच कारकिर्दीत, १८७४ मध्ये, झाग्रेबचं आधुनिक विद्यापीठ सुरू झालं. पण 'बान'ला 'राज्यपाल' म्हटलं की राजभवनच डोळ्यांपुढे येतं, 'सुभेदार' तर फारच मोगलाई!

अजून एक. 'स्माइल-आगा चेंगिचचा मृत्यू' (१८४६) या त्यांच्या काव्यात दहा अक्षरी ओळी बऱ्याच आहेत. ओवीत बसवून पाहिल्या, तर चाल जात्यावरची झाली आणि प्रसंग रात्रीच्या हल्ल्याचा! कोणता छंद घेऊ? छंदशास्त्रातल्या जाणकारांनी सुचवा ना. शंभर कुनांच्या (कुना हे क्रोएशियाचं आधीचं चलन) जुन्या नोटेवरचे माझुरानिच तोवर माझ्या टेबलावर ताटकळतायत.