अनुभव धागा : अटकेचं घड्याळ नेमकं कधी सुरू होतं?

धरलेल्या माणसाला 24 तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करायचं, हे संविधानाच्या कलम 22 मध्येच आहे. प्रवासाचा वेळ तेवढा वगळायचा. वाद होतो तो घड्याळ कधी सुरू झालं यावर. या कामात असलेल्यांनी नेमकं काय पाहायचं ते लिहावं.

फौजदारी वकील
'चौकशीसाठी बसवून ठेवलंय' अशी वेगळी अवस्था कायद्यात नाही. उठून घरी जायची मुभा नसेल तर ती अटकच. मुंबई उच्च न्यायालयाने कस्टम्सच्या एका प्रकरणात हे 1990 सालीच सांगितलं आहे. तरी सकाळी उचललेल्या माणसाची अटक कागदावर रात्रीची दिसते. म्हणून पहिल्या रिमांडलाच (कोठडीसाठी कोर्टापुढे आणतात तेव्हा) अर्ज द्या : स्टेशन डायरी, म्हणजे ठाण्याची रोजची नोंदवही, मागवा, ठाण्याचं सीसीटीव्ही फुटेज जपायचा आदेश मागा. अर्जात तारीख, तास आणि कॅमेऱ्याची जागा हवी (गेट, लॉकअप, व्हरांडा). मोघम अर्जाला मोघमच उत्तर येतं. समोरच्या दुकानाचं फुटेज त्याच दिवशी मागा, ते लवकर पुसलं जातं.

निवृत्त ठाणे अंमलदार
सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात आधी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (BNSS) कलम 35(3) ची हजर राहण्याची नोटीस, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतली 41-अ. व्हॉट्सॲपवर चालत नाही, पोच घ्या. तरीही अटक केलीच तर 'पुरावा नष्ट करेल' या छापील ओळीवर टिक मारून भागत नाही. कोणता पुरावा, कुठे आहे, ते लिहा. अटक पंचनाम्यावर नातेवाईक किंवा त्याच भागातला प्रतिष्ठित माणूस साक्षीदार हवा. दर वेळी ठाण्याशेजारचा तोच पंच आणला की कोर्टाचा विश्वास उडतो, आणि तो उडायलाच हवा.

वैद्यकीय अधिकारी
तपासणीची वेळ स्वतःच्या घड्याळावरून लिहा. पोलिसांना खोलीबाहेर थांबवा. प्रत्येक जखमेची लांबी-रुंदी सेंटिमीटरमध्ये, जागा, रंग. तळपाय विसरू नका. वळाच्या रंगावरून तास मोजता येत नाहीत, पण पिवळेपणा सहसा पहिल्या 18 तासांत दिसत नाही. अटक दोन तासांपूर्वीची सांगत असतील आणि वळ पिवळा असेल, तर मार अटकेच्या नोंदीआधीचा आहे. हे अहवालात स्पष्ट मांडा. अहवालाची प्रत आरोपीला द्यायची असते.

निवृत्त मॅजिस्ट्रेट
पोलीस कोठडी मागितली असेल तर पहिल्यांदा आरोपी प्रत्यक्ष समोर हवा, व्हिडिओवर नाही. पोलिसांना मागे सरकायला सांगा आणि त्यालाच विचारा : कधी धरलं, कुठून, घरी कोणी कळवलं? उत्तर रिमांडच्या आदेशात त्याच्याच शब्दांत उतरवा.