‘समाचार घेणे’ : विचारपूस की कानउघाडणी?

विचारणा (रत्नागिरी)

धर्मशिक्षणाच्या वर्गात बायबलमधल्या याकोबाच्या पत्रातला १:२७ हा चरण वाचत होतो. देवापुढे शुद्ध धर्माचरण कोणतं, तर अनाथ आणि विधवा यांचा त्यांच्या संकटात समाचार घेणं. सातवीतल्या एका मुलानं हात वर केला, “सर, त्यांना ओरडायचं कशाला?” त्याला ‘खरपूस समाचार घेतला’ एवढंच ठाऊक. पुढच्या वेळी सरळ ‘काळजी घेणे’ असं वाचू का?

उत्तर (वेंगुर्ले)

वाचू नका, अशी माझी विनंती आहे. काळजी घरात बसूनही करता येते. समाचार घ्यायचा तर चपला घालून निघावं लागतं.

मूळ ग्रीकमध्ये या जागी ‘एपिस्केप्तोमाई’ हे क्रियापद आहे. त्यातला ‘स्केप्तोमाई’ म्हणजे नीट बघणं. जाऊन भेटणं, विचारपूस करणं आणि लागेल ते करणं, असं सगळं त्या एका शब्दात येतं. मत्तय २५:३६ मध्ये प्रभू म्हणतो की मी आजारी होतो तेव्हा तुम्ही माझा समाचार घेतलात. तिथेही हेच क्रियापद आहे. ‘बिशप’ हा शब्द ज्या ‘एपिस्कोपोस’वरून आला तोही याच कुळातला. म्हणजे आपल्या कोकणीतला ‘बिस्प’ हा शब्दार्थानं समाचार घेणाराच.

आता तुमच्या विद्यार्थ्याच्या शंकेबद्दल. त्याचं काही चुकलेलं नाही. मराठीत असे शब्द पुष्कळ आहेत: ‘हजेरी घेणे’, ‘खबर घेणे’. मुळात साधी चौकशी, पण रागानं म्हटलं की अर्थ फिरतो. मला मात्र याहून मोठी गंमत जुन्या कराराच्या हिब्रूत सापडली. तिथलं ‘पाकद’ हे क्रियापद दोन्हीकडे चालतं. उत्पत्ती २१:१ मध्ये देव अब्राहामाच्या बायकोचा, सारेचा, समाचार घेतो आणि तिला म्हातारपणी मूल होतं. निर्गम २०:५ मध्ये वडिलांच्या अपराधाबद्दल मुलांना शासन होतं, तिथेही क्रियापद ‘पाकद’च. ज्याचं आपल्याकडे लक्ष आहे तोच मायेनं जवळ घेतो आणि तोच जाबही विचारतो. आपल्या ‘समाचार’ला ही दोन्ही टोकं आहेत. ‘काळजी’ला नाहीत. वर्गात हे जरूर सांगा, मुलांना आवडेल.

एक घरची आठवण सांगतो. मी लहान असताना बाबा तापानं अंथरुणाला खिळले होते. आषाढाचा पाऊस, व्हाळाला पाणी. शेजारची काकी, हिंदू घरातली, डोक्यावर इरलं घेऊन रोज पेज घेऊन यायची. पडवीत पाय ठेवतानाच म्हणायची, “समाचाराक इलंय गो.” आई पेजेचं भांडं घ्यायची, काकी बाबांजवळ बसायची. फारसं बोलायची नाही. पुढे वर्षभरानं काकीचा दीर वारला तेव्हा त्यांच्या घरी चूल पेटणार नव्हती. आईनं भात शिजवून नेला आणि तेच शब्द म्हणाली. मत्तयाचा पंचविसावा अध्याय मी चर्चमध्ये ऐकला त्याच्या कितीतरी आधी आमच्या पडवीत बघितला होता.

आमच्या वेंगुर्ल्याच्या मिशन इस्पितळाला सेंट ल्यूकचं नाव दिलं, कारण लूक हा वैद्य होता. पण पेज घेऊन येणारीला बायबलात नाव नाही, फक्त क्रियापद आहे. म्हणून ते क्रियापद जपावंसं वाटतं.

वसईहून

उत्तर आवडलं. मात्र एक अडचण. आमच्या घरी समाचाराला जातात ते मयताच्या घरी. आजारी काकांना “समाचाराला आलोय” म्हटलं तर घरची माणसं दचकतील! आमच्या धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) सेंट विन्सेंट डी पॉल संस्थेचे लोक गरिबांच्या, आजाऱ्यांच्या घरी जातात. ही संस्था १८३३ मध्ये पॅरिसला सुरू झाली आणि घरी जाऊन भेटणं हे तिचं पहिलं काम. ते लोक ‘गृहभेट’ म्हणतात. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी फादर आजाऱ्यांकडे कम्युनियन (ख्रिस्तप्रसाद) घेऊन जातात, त्याला कुणीच समाचार म्हणत नाही.

उत्तर (वेंगुर्ले)

बरोबर आहे तुमचं, हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं. सगळीकडे दोन्ही प्रसंगी चालतो असं मी धरून चाललो. ‘गृहभेट’ अर्थाला चोख आहे, पण तो अहवालात लिहायचा शब्द. दारात उभं राहून कोण म्हणेल?

तुमच्याकडे आजाऱ्याकडे गेल्यावर काय म्हणतात?

वसईहून

“बघायला आलो.” एवढंच.

उत्तर (वेंगुर्ले)

मग झालंच की! ‘स्केप्तोमाई’ म्हणजे बघणंच. ग्रीक शब्दाच्या इतकं जवळ ना ‘समाचार’ जातो, ना ‘काळजी’.

रत्नागिरीच्या सरांना आता असं सुचवतो: वाचताना पवित्र शास्त्रात आहे तसं ‘समाचार घेणे’च वाचा. समजावताना त्या मुलाला विचारा, तू तापानं पडलास तेव्हा तुला बघायला कोण कोण आलं होतं?

विचारणा करणारा (रत्नागिरी)

विचारलं. त्यानं पाच नावं सांगितली. मग स्वतःच म्हणाला, “पण त्यातल्या एका आजीला आता बरं नाही, तिला बघायला मी अजून गेलो नाही.”