मदत हवी आहे: आत्महत्याग्रस्त कुटुंबाचं प्रकरण 'अपात्र', पण कोणाच्या जबाबावरून ते दाखवत नाहीत

नमस्कार. वहिनीसाठी विचारतो आहे. गाव विदर्भातलं, कोरडवाहू कापूस-तुरीचं. मागच्या हंगामात दादानं जीव दिला. सोसायटीचं कर्ज थकलेलं, सहकार कायद्याच्या कलम १०१ ची वसुलीची नोटीस घरी आलेली, कृषी केंद्राची उधारी वेगळीच.

शासनाची १ लाखाची मदत असते (३० हजार हातात, ७० हजार ठेव). जिल्हा समितीनं प्रकरण अपात्र ठरवलं. पत्रात एकच ओळ: आत्महत्या कर्जबाजारीपणामुळे नसून व्यसनाधीनतेमुळे. गावातल्या दोघांचे जबाब आहेत म्हणे. कोणाचे, ते सांगत नाहीत. चौकशीला आले तेव्हा वहिनीला एवढंच विचारलं की वावर कोणाच्या नावावर आणि लेकरं किती. दादा प्यायचा का, हे तिला कोणी विचारलंच नाही. पोळ्याला चार जणांत बसणारा कास्तकार व्यसनी ठरतो का? आणि ती वसुलीची नोटीस अजून जमिनीच्या आठ-अ उताऱ्यासोबत पेटीतच आहे, कोणी मागितलीच नाही.

पुरावा कायदा अशा समितीला जसाच्या तसा लागत नाही, हे वाचलं. ते बरंच आहे, नाहीतर सावकाराच्या तोंडी व्यवहाराचा कागद विधवा बाई कुठून आणणार? पण ही सवलत तिच्यासाठी हवी, तिच्याविरुद्ध नको. सर्वोच्च न्यायालयानं १९५७ साली टी. आर. वर्मा प्रकरणात म्हटलंय की पुरावा कायदा लागू नसला तरी नैसर्गिक न्याय पाळावाच लागतो. ज्या मजकुरावर निर्णय द्यायचा, त्यावर समोरच्याला बोलायची संधी द्यावी लागते. ते प्रकरण सरकारी नोकराच्या खातेचौकशीचं होतं. आमच्यासारख्यांना ते लावता येईल का? कारण कार्यालयात ऐकवलं, 'ही सानुग्रह मदत आहे, हक्क नाही.'

जबाब आणि तलाठ्याचा अहवाल माहितीच्या अधिकारात मागितला आहे. नावं झाकून का होईना, मजकूर मिळाला तरी चालेल. तो हाती येईपर्यंत थांबावं, की नोटीस जोडून फेरचौकशीचा अर्ज आताच जिल्हाधिकाऱ्यांकडे द्यावा? फेरचौकशीत वहिनीला समक्ष ऐकून घ्या, अशी मागणी अर्जात कशी लिहायची? बाईमाणसाला उत्पन्न न बघता विधी सेवा प्राधिकरणाचा मोफत वकील मिळतो हे माहीत आहे, पण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात जायची वेळ आली तर वकिलासाठी अर्ज तालुक्याला करायचा की थेट तिथल्या विधी सेवा समितीकडे?

कोणी असं प्रकरण फेरचौकशीत पात्र करून घेतलं असेल तर कोणते कागद कामी आले, ते कृपया सविस्तर लिहा.