सांता क्लाराचा अर्धा टक्का
सार्वजनिक वाहतुकीसाठी विक्रीकर वाढवला, तर त्याचा भार कमी उत्पन्नाच्या कुटुंबांवर तुलनेने अधिक पडतो, हा आक्षेप मला मान्य आहे. कॅलिफोर्नियात बहुतांश किराण्यावर हा कर नसल्यामुळे हा भार थोडा सौम्य होतो, इतकेच. तरीही त्याच राज्यातील सांता क्लारा काउंटीचा (जिल्ह्याचा) अनुभव विचारात घ्यावा. तेथे नोव्हेंबर २०१६ मध्ये ‘मेझर बी’ या मतपत्रिकेवरील प्रस्तावाद्वारे मतदारांनी दोन तृतीयांशांहून अधिक बहुमताने ३० वर्षांसाठी वाहतुकीसाठी अर्धा टक्का जादा विक्रीकर मंजूर केला, म्हणजे हजार डॉलरच्या लॅपटॉपमागे पाच डॉलर. बार्ट या जलद रेल्वेचा सॅन होजे शहरातील भुयारी विस्तार, कॅलट्रेन ही उपनगरी रेल्वे, द्रुतगती मार्ग, सायकलमार्ग आणि शहरांतील रस्त्यांची डागडुजी यांचे वाटे मतदानापूर्वीच ठरलेले होते आणि बार्टचा हिस्सा २५ टक्क्यांवर जाऊ नये, अशी अटही त्यात होती. ही अट मला फार मोलाची वाटते, कारण भुयारी मार्गाचा खर्च वाढू लागला की इतर कामांच्या पैशांवर डोळा जातोच. वसुली २०१७ मध्ये सुरू झाली, परंतु न्यायालयीन दाव्यामुळे तो निधी २०१९ पर्यंत अडकून पडला. ज्यांच्या खिशाला हा कर सर्वाधिक जाणवतो, त्यांतील अनेकजण बसवरच अवलंबून असतात. म्हणून अशा कराच्या पुढील प्रस्तावात बसफेऱ्यांसाठी किमान हिस्सा लेखी बांधून घेण्याचा आग्रह आपण आताच धरला पाहिजे.